‘हिंदू मील’मधली कोंबडी

मावशी त्रेसष्ट वर्षांची. लेकीच्या बाळंतपणासाठी सांगलीहून थेट लंडनला निघाली होती, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. तिकीट मी काढलं. जेवणाच्या रकान्यात एक लांबलचक यादी उघडली, त्यात ‘हिंदू मील’ दिसलं आणि मी डोळे मिटून त्यावर बोट ठेवलं. एकादशी करणारी, चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी बाई. तिला याहून योग्य काय मिळणार? विमानात ताटावरचा कागद काढला तर आत चिकन करी आणि भात. मावशीने कागद पुन्हा लावला, पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि लंडनला पोचल्यावर मला फोन केला. “अगं, हिंदू म्हणून कोंबडी देतात होय?”

देतात. विमान कंपन्यांच्या खास जेवणांना चार अक्षरी संकेत असतात आणि ते जगभर बहुतेक सारखेच आहेत. एचएनएमएल म्हणजे हिंदू मील. त्याचा अर्थ इतकाच की ताटात गोमांस नसेल. चिकन, मटण, मासे असू शकतात. आपल्या ओळखीचं शाकाहारी जेवण हवं असेल तर एव्हीएमएल निवडायचं, म्हणजे ‘एशियन व्हेजिटेरियन’: डाळ, भात, भाजी, दही, पनीर. जैन जेवणाचा संकेत व्हीजेएमएल. व्हीजीएमएल घेतलंत तर दूध-दहीही मिळणार नाही, कारण ते व्हीगन. आणि व्हीएलएमएल म्हणजे पाश्चात्त्य शाकाहार, ज्यात दूध चालतं आणि अंडंही. बहुतेक ठिकाणी निदान चोवीस तास आधी नोंदवावं लागतं. एवढं मला आधी ठाऊक असतं तर मावशीच्या दशम्या लंडनपर्यंत पुरल्या असत्या.

तेव्हापासून हा विषय डोक्यात राहिला. एका विमानाला शाकाहाराचे चार प्रकार लागतात, याचा अर्थ ‘शाकाहारी’ हा एक नियम नाहीच. ती वेगवेगळ्या ठिकाणी ओढलेल्या रेषांची जुडी आहे. मांस-मासे नकोत, इथपर्यंत सगळे एकत्र असतात. पुढे फाटे फुटतात. अंडं चालतं का? दूध? मध? डोळ्यांना न दिसणारं, पण प्राण्याच्या हाडापासून किंवा आतड्यापासून काढलेलं काही चालतं का? कांदा-लसूण? बटाटा? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: पदार्थ शाकाहारी आहे, पण ज्या तेलात तळला त्या तेलात आधी कोळंबी तळली होती, तर?

प्रत्येक घराची रेष वेगळी असते, आणि ती तिथीवारावर हलतेसुद्धा. प्यू रिसर्च सेंटरने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातल्या ३९ टक्के प्रौढांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं, पण मांस खाण्यावर काही ना काही बंधन पाळणारे तब्बल ८१ टक्के निघाले. मधले ते सगळे आपल्या ओळखीचे आहेत. सोमवारी न खाणारे, गुरुवारी न खाणारे, संकष्टीला न खाणारे, घरी न खाता बाहेर खाणारे, आणि श्रावण लागायच्या आदल्या रात्री गटारी साजरी करणारे. मालवणी आणि गोव्याकडच्या घरात मासे नसलेल्या जेवणाला ‘शिवराक’ असा खास शब्दच आहे. ज्याला वेगळं नाव लागतं ते नेहमीचं नसतं, हे त्या शब्दातच आलं.

भाज्यांचंही तेच. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी करतो, म्हणजे दोन दिवसांनी एकादशीला चातुर्मास लागणार म्हणून कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, झुणका असं पोटभर खाऊन घेतो. वांगं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याबरोबर परत येतं. उपवासाचे नियम तर त्याहून मजेशीर: बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका कंद, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. तरी ती उपवासाला चालतात आणि इथलाच तांदूळ चालत नाही. यात तर्क शोधत बसू नये. रेष कुठे आहे ते ठाऊक असलं की पुरे.

बाजारातल्या पाकिटांसाठी मात्र सरकारला एक रेष ठरवावीच लागली. २००१ च्या सुमारास पाकिटांवर चौकोनातला हिरवा ठिपका आणि तपकिरी ठिपका छापणं सक्तीचं झालं. दोन्ही ठिपके गोल असल्याने ज्यांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे दिसत नाहीत त्यांची पंचाईत व्हायची. म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या नियमांत मांसाहारी पदार्थाच्या ठिपक्याचा त्रिकोण झाला. आता आकारावरूनच कळतं.

या चिन्हामागची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नियमात मांसाहारी म्हणजे काय ते आधी सांगितलंय, आणि त्यात न बसणारं सगळं शाकाहारी. मांसाहारीत प्राणी, पक्षी, कीटक, मासे, अंडी आणि प्राण्यांपासून आलेले सगळे पदार्थ धरलेत. वगळलेत ते दूध आणि दुधाचे पदार्थ, मध, मधमाशांचं मेण आणि शेलॅक. शेलॅक म्हणजे आपली लाख. झाडाच्या फांद्यांवर राहणारा लाखेचा किडा जो चिकट द्रव सोडतो तो गोळा करून, वितळवून, गाळून ती बनवतात, आणि चकचकीत चॉकलेट-गोळ्यांवरचा मुलामा पुष्कळदा तिचाच असतो. म्हणजे किड्यापासून आलेला मुलामा हिरव्या ठिपक्यात बसतो, पण कोंबडीचं फलन न झालेलं अंडं बसत नाही. इंग्लंडमध्ये बरोबर उलटं: तिथे ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्या केकमध्ये अंडं असू शकतं, कारण तिथल्या शाकाहाराच्या व्याख्येत अंडं पहिल्यापासून बसतं. आपल्याकडून गेलेली माणसं नेमकी इथे फसतात. व्हीगन लोकांसाठी आपल्याकडेही आता वेगळं चिन्ह आलंय, हिरव्या चौकोनातलं व्ही अक्षर. जैन किंवा चातुर्मासवाल्यांसाठी सरकारी चिन्ह नाही.

चीजचं उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण गैरसमज तिथेच सर्वात जास्त आहेत. घरी पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो, दूध फाटतं, चोथा फडक्यात बांधून त्यावर वरवंटा ठेवतो. झालं. आंबटपणामुळे दुधातलं प्रथिन गोळा होतं, बाकी काही लागत नाही. चीज करताना दूध फाडायचं नसतं, विरजणापेक्षा घट्ट आणि लवचीक असं जमवायचं असतं. त्यासाठी रेनेट लागतं. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या पोटात एक पाचक द्रव्य असतं, आईचं दूध पोटात जमून सावकाश पचावं म्हणून. युरोपात शेकडो वर्षं कापलेल्या वासरांच्या पोटातून ते काढत आले. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो, ज्याला आपण पार्मेसान म्हणतो, ते तर नियमानेच वासराचं रेनेट वापरून करावं लागतं. दुसरं वापरलं तर ते नाव लावता येत नाही. पास्त्यावर भुरभुरलेलं खरं पार्मेसान म्हणूनच शाकाहारी नसतं, भले पास्त्यात फक्त टोमॅटो आणि तुळस असो.

पण जगातलं आजचं बहुतेक चीज असं होत नाही. बुरशीपासून मिळणारी द्रव्यं आधीपासून होती. शिवाय वासराच्या शरीरात ते द्रव्य बनवणारा जनुक सूक्ष्मजीवांत घालून, टाकीत आंबवून, हुबेहूब तेच द्रव्य तयार करायची पद्धत निघाली. अमेरिकेत तिला १९९० साली मान्यता मिळाली. त्यासाठी नव्याने वासरू मारावं लागत नाही. मूळ जनुक वासराचा होता म्हणून ते चालू नये, असं म्हणणारे लोकही मला भेटलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, रेष त्यांची आहे. आपल्या दुकानातल्या हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये प्राण्याचं रेनेट असू शकत नाही, एवढं मात्र पक्कं. शंका घ्यायची ती बाहेरून आलेल्या चीजची, आणि परदेशातल्या पिझ्झ्याची.

जिलेटिन समजायला सोपं आहे. हाडं, कातडी, स्नायुबंध उकळून जे चिकट प्रथिन मिळतं ते म्हणजे जिलेटिन. मार्शमॅलो, चघळायच्या गमी गोळ्या, लुसलुशीत पुडिंग, औषधाच्या कॅप्सूलचं कवच यांत ते असतं. त्याला शाकाहारी पर्याय आहेत: समुद्री शेवाळाचं चायना ग्रास आणि फळांच्या सालींतून निघणारं पेक्टिन. गुलाबी-लाल रंगासाठी वापरलं जाणारं कारमाइन, पाकिटावरच्या संकेत-क्रमांकात आयएनएस १२०, हे निवडुंगावरच्या किड्यांपासून येतं. वेफर आणि झटपट नूडल्सची चव वाढवणारं आयएनएस ६३१ मांस-माशांपासूनही बनवता येतं आणि टॅपिओकाच्या पिठापासूनही. म्हणजे नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. याच कारणासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आदेश दिला की घटकाचा फक्त संकेत-क्रमांक देऊन भागणार नाही, तो वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून, हेही सांगायला हवं. मिठायांवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जायचा; वर्ख बनवताना प्राणिजन्य काहीही वापरता येणार नाही असा नियम २०१६ मध्ये झाला. काजूकतली खाताना निदान हा घोर आता उरला नाही.

लेबलावर एक शब्द आणि आत दुसरंच, यामुळे उडालेला सर्वात मोठा भडका तळलेल्या बटाट्यावरून होता. मॅकडॉनल्ड्सने १९९० मध्ये अमेरिकेत जाहीर केलं की आमचे फ्राइज आता गाईच्या चरबीत नाही, वनस्पती तेलात तळले जातील. तिथल्या कितीतरी भारतीय शाकाहाऱ्यांनी ते निर्धास्तपणे खाल्ले. पुढे उघड झालं की बटाट्याचे काप कारखान्यातच अर्धवट तळताना त्यांना गोमांसाचा स्वाद लावला जात होता आणि घटकांच्या यादीत तो ‘नैसर्गिक स्वाद’ या नावाखाली दडला होता. २००१ मध्ये सिॲटलला दावा दाखल झाला. भारतातल्या फ्राइजमध्ये असं काही नसल्याचं कंपनीने सांगितलं, तरी इथे ठाण्यातल्या दुकानाची मोडतोड झाली. २००२ मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. तेलाबद्दल बोललेलं वाक्य खोटं नव्हतं. प्रश्न तेलाचा नव्हताच.

हॉटेलात गेल्यावर हेच लक्षात ठेवायचं. “हे व्हेज आहे ना?” असं विचारलं की वेटर “हो” म्हणतो, कारण त्याच्या मते त्यात मटण-चिकन नाही. तो खोटं बोलत नाही, त्याची रेष तुमच्या रेषेच्या अलीकडे आहे. म्हणून शब्द सोडून वस्तू विचारायची. नानच्या पिठात अंडं घालता का? नूडल्स अंड्याच्या आहेत का? मंचाव सूपमध्ये पाणी घालता की चिकनचा स्टॉक? भजी आणि चिकन लॉलीपॉप एकाच कढईत तळता का? चायनीजच्या गाडीवर हा शेवटचा प्रश्न विचारायचीही गरज नसते, समोरच दिसतं: एकच कढई, एकच झारा, मध्ये पाण्याचा एक हबका. ज्याला तेवढं चालतं त्याने मजेत खावं. ज्याला चालत नाही त्याने ‘व्हेज’ या शब्दावर भरवसा ठेवू नये.

मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराची पद्धत एकदा कळली की मेन्यूकार्डाचं गूढ उरत नाही. पन्नास भाज्या पन्नास प्रकारांनी शिजत नाहीत. सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या पातेलीभर करून ठेवतात: कांदा-टोमॅटोची यलो, टोमॅटो-लोणी-काजूची रेड, काजू-मगज आणि उकडलेल्या कांद्याची व्हाइट, आणि पालकाची हिरवी. ऑर्डर आली की त्यातली एखादी किंवा दोन मिसळून, वर पनीर नाहीतर मिक्स भाजी टाकून पाच मिनिटांत भाजी बाहेर. व्हेज कोल्हापुरी आणि व्हेज मराठा यांच्यातलं अंतर कित्येकदा फक्त मिरचीचं असतं. (कोल्हापुरात ही ‘व्हेज कोल्हापुरी’ कुणाच्या घरी शिजते ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) यातून दोन गोष्टी कळतात. एक, कांदा-लसूण नको असेल तर आयत्या ग्रेव्हीतून तो काढून देणं अशक्य. “कांदा कमी घाला” म्हणण्यात अर्थ नसतो. दुसरी, काजू, मगज, लोणी आणि साय यांनी भरलेल्या या भाज्यांत चव असते, पोट भरतं, पण पालेभाजी आणि कडधान्य जवळपास नसतं.

जैन जेवण मिळणारी हॉटेलं हा घोळ वेगळी ग्रेव्ही करूनच सोडवतात. कोबी, दुधी किंवा टोमॅटो शिजवून कांद्याचा दाटपणा आणायचा, पावभाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी कुस्करायची. जैनांची कंदमुळांबाबतची भूमिका अशी की कंद उपटला की ती वनस्पती तर जातेच, शिवाय त्याच्यात आणि त्याच्याभोवती असंख्य सूक्ष्म जीव असतात. म्हणून बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, ओलं आलं नाही. पण सुंठ आणि हळद चालतात, कारण ती वाळवलेली. कांदा-लसूण सोडणारी मावशी बटाटा आनंदाने खाते आणि मध घालून लिंबूपाणी पिते. काटेकोर जैन माणूस दोन्ही खाणार नाही. एका टेबलावर बसलेल्या या दोन शाकाहाऱ्यांना एकच ‘प्युअर व्हेज’ पाटी लागू होत नाही.

त्या पाटीतल्या ‘प्युअर’ शब्दाबद्दल मला जरा कचरायला होतं. वेगळं स्वयंपाकघर, वेगळं तेल हवं असणं ही साधी अपेक्षा आहे, आणि उडुप्यांनी ती मुंबईत फार पूर्वी चोख पुरी केली. माटुंग्याचं रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, आणि केळीच्या पानावर आमटी-भात खायला तिथे सगळ्या जातीधर्मांची माणसं बसतात. पण ‘शुद्ध’ म्हटलं की समोरचा आपोआप अशुद्ध ठरतो, आणि आपल्या समाजात हा शब्द ताटापुरता कधीच राहिलेला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने शाकाहारी ऑर्डरींसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी पथकं जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला, तो याच धास्तीने. लाल गणवेशातल्या पोऱ्याला सोसायटीच्या दारात अडवलं तर? ‘फक्त शाकाहारी’ एवढं लिहिलं तरी काम भागतं.

देशाबाहेर गेलं की वस्तू विचारण्याची सवय आणखी उपयोगी पडते, कारण तिथे मासा तुकड्याच्या रूपात दिसत नाही, पाण्याच्या रूपात असतो. थायलंडमध्ये मीठ घालावं तसं नाम प्ला घालतात, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी. जपानमध्ये मिसो सूप असो की उकडलेली भाजी, बहुधा मुळाशी दाशी असते, आणि ती वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची. ‘नो मीट’ म्हणून तिथे काहीच साधत नाही, कारण त्यांच्या लेखी मासा मीट नाही. इंग्लंडमधल्या वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. पण थायलंडची एक गोष्ट ऐकून मावशी फार खूश झाली. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांत ‘जे’ नावाचं शाकाहारी जेवण असतं, दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसतं. त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. त्यांचा नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव चांद्र पंचांगावर चालतो आणि पुष्कळ वर्षी नेमका आपल्या नवरात्रातच येतो. “म्हणजे त्यांच्याकडेही घट बसतात तर,” मावशी म्हणाली. बसत नाहीत, पण मी दुरुस्त केलं नाही.

बाहेर खाताना आपण ताटात नको ते काय शिरलंय हे शोधतो. घरी प्रश्न उलटा असतो, आणि माझ्या मते जास्त गंभीर. घरच्या शाकाहारी ताटात काय राहून गेलंय हे कुणी बघत नाही, कारण घरचं म्हणजे चांगलंच.

आमच्यासारख्या घरातल्या, ऑफिसला जाणाऱ्या बाईचा एक दिवस घ्या. सकाळी पोहे, वर थोडे शेंगदाणे. डब्यात तीन पोळ्या आणि भेंडीची भाजी. दोन चहा, चार बिस्किटं. रात्री दोन पोळ्या, भात आणि पातळ वरण. प्रथिनांचा ढोबळ हिशेब असा: पोहे-शेंगदाणे सात ग्रॅम, पाच पोळ्यांचे सोळा-सतरा, भाताचे चार-पाच, चहातल्या दुधाचे सहा, भाजी-बिस्किटांचे तीन, आणि वरणाचे जेमतेम साडेचार. एकूण चाळीस-बेचाळीस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. तूट आहे पण भयंकर नाही. दुखणं वेगळंच आहे: यातलं बरंचसं प्रथिन गहू-तांदळातून येतंय आणि डाळीचा वाटा नगण्य आहे. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, डाळींत तो भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. वरण-भात, झुणका-भाकरी, इडली-सांबार ही जोडी म्हणूनच जमते. दोन्ही एकाच घासात हवीत असं मुळीच नाही, दिवसभरात आली तरी चालतं. पण जोडीत डाळ दिसायला हवी ना. आमच्याकडे चौघांत अर्धी वाटी तूरडाळ शिजते आणि त्याला वरण म्हणतात.

उपाय जुनाच, पाटावरवंट्याच्या काळातला. एक वाटी मटकीची किंवा वालाची उसळ (कोरडी मटकी ३० ग्रॅम, प्रथिन सात), एक वाटी घट्ट दही (पाच), मूठभर शेंगदाणे (सहा). झाले अठरा ग्रॅम वाढीव, प्रथिनांच्या पावडरीचा डबा न आणता. मोड आणले की पचायला सोपं होतं आणि लोहही जरा जास्त अंगी लागतं. पोह्यांवर लिंबू पिळतो ते चवीपुरतं नव्हे. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तोच फायदा चहा हिरावून घेतो.

बी-१२ ची गोष्ट मात्र लिंबू आणि मोडांनी सुटत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवतच नाहीत. ते सूक्ष्मजीव बनवतात आणि मांस, मासे, अंडी, दूध यांच्यातून आपल्यापर्यंत येतं. शाकाहाऱ्याला आधार उरतो दुधाचा. १०० मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची गरज रोज दोन-अडीच. म्हणजे अर्धा लिटर दूध किंवा दही. दोन कप चहात काय येणार! पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे आणि परिसरातल्या पुरुषांची रक्तचाचणी केली, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले: दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी. आणि सर्वात वाईट स्थिती खेड्यातल्या किंवा झोपडवस्तीतल्या माणसांची नव्हती, शहरी मध्यमवर्गाची होती. तिथे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. स्पिरुलिना खा, मोड खा, इडलीच्या आंबवण्यातून मिळतं, असे सल्ले व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांवर विसंबू नका. हातापायांना मुंग्या, सारखा थकवा, जीभ लाल, चालताना तोल जाणं असं काही असेल तर रक्त तपासून डॉक्टरांना दाखवायचं.

मावशीच्या तळपायांना मुंग्या यायच्या त्या “वयामुळे” असं ती दोन वर्षं म्हणत होती. लंडनहून येताच तपासलं, बी-१२ तळाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, औषधाच्या दुकानात त्याच नावाच्या कॅप्सूल मिळाल्या. तोवर मावशी तयार झालेली होती. “हे कवच कशाचं?” जिलेटिनचं. आतलं बी-१२ जिवाणू टाकीत वाढवून बनवलेलं, पूर्ण शाकाहारी. बाहेरचं कवच हाडांचं. औषधांवर हिरवा-तपकिरी ठिपका छापण्याची सक्ती नसल्याने पाकिटावरून कळायला मार्ग नाही, विचारावं लागतं. दुकानदाराने वैतागून का होईना, जिभेखाली ठेवायची साधी गोळी काढून दिली. आता मावशी रोज सकाळी ती ठेवते आणि ती विरघळेपर्यंत कुणाशी बोलत नाही, हा घरच्यांना झालेला जास्तीचा फायदा.

परतीच्या तिकिटावर मी आठवणीने एव्हीएमएल नोंदवलं होतं. राजमा, जिरा भात, पनीर, दही, सगळं व्यवस्थित मिळालं. घरी आल्यावर तिने पर्समधून एक बंद पाकिटातला लाल, जेलीसारखा गोड पदार्थ काढून माझ्यासमोर ठेवला. विमानात मिळाला होता, खाल्ला नव्हता.

“बारीक अक्षर आहे, मला दिसेना. बघ गं, त्यात हाडं आहेत का.”

मी चष्मा पुसून वाचलं. साखर, स्ट्रॉबेरीचा गर, सायट्रिक आम्ल, पेक्टिन. पेक्टिन फळांच्या सालीतून येतं, म्हटलं.

“आणि रंग?”

बिटाचा.

“बीट तर चालतं,” मावशी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात चमचा आणायला गेली.